कमरेतून पायात उतरणारी कळ: अहवाल काय म्हणतो आणि पाय काय सांगतो

आपण विचारलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आपले वय ४३ वर्षे आहे, दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर बसून काम असते आणि कार्यालयात जाणे-येणे दुचाकीवरून होते. पाच आठवड्यांपूर्वी गॅसचे सिलिंडर उचलताना कमरेत चमक भरली. कमरेचे दुखणे चार-पाच दिवसांत ओसरले, पण त्यानंतर डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागच्या-बाहेरच्या बाजूने, पोटरीच्या कडेने थेट पावलाच्या वरच्या भागापर्यंत आणि अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली. शिंक आली किंवा खोकला आला की ती उसळते, आणि अंगठा बधिर वाटतो. एमआरआयच्या अहवालात एल-४ व एल-५ या मणक्यांमधील चकती डावीकडे बाहेर आल्याचे आणि तिचा डाव्या एल-५ मुळीवर, म्हणजे त्या मणक्यापाशी बाहेर पडणाऱ्या नसेच्या सुरुवातीच्या भागावर, दाब असल्याचे म्हटले आहे. एका सर्जननी लवकर शस्त्रक्रिया करण्यास सांगितले आहे, घरच्यांचा आग्रह महिनाभर झोपून राहण्याचा आहे, आणि आपल्याला पाय कायमचा लुळा पडेल अशी भीती वाटते आहे.

मी स्वतः मणक्याच्या शस्त्रक्रिया करतो, तरीही आपल्याला आधी हेच सांगेन की पावलाची शक्ती शाबूत असेल आणि लघवी-शौचाच्या बाबतीत काहीही बदल नसेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय आज घेण्याची गरज नाही. झोपून राहण्याचीही गरज नाही. या दोन विधानांना काही ठाम अपवाद आहेत आणि ते ओळखणे आपल्याच हातात असल्यामुळे पुढचे उत्तर थोडे लांबणार आहे.

आपण कळेचा जो मार्ग वर्णन केला आहे, तोच निदानाचा मोठा भाग आहे. कमरेच्या एल-४, एल-५ आणि त्याखालच्या माकडहाडाजवळील एस-१, एस-२, एस-३ या पातळ्यांवरून निघणाऱ्या मुळ्या एकत्र येऊन सायटिक नस तयार होते. ही शरीरातील सर्वांत जाड नस आहे. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते, गुडघ्याच्या थोडे वर दुभंगते आणि पावलापर्यंत जाते. यातील प्रत्येक मुळीचा पायावरचा इलाखा ठरलेला आहे. एल-५ची मुळी चिडली तर कळ पोटरीच्या बाहेरच्या कडेने पावलाच्या वरच्या बाजूस आणि अंगठ्याकडे जाते. एस-१ची चिडली तर पोटरीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीकडे जाते. एल-४ची असेल तर मांडीचा पुढचा भाग आणि नडगीची आतली बाजू दुखते. एल-४ व एल-५ यांच्यामधील चकती मागे-बाजूला सरकली की सहसा जिच्यावर दाब येतो ती खाली उतरणारी एल-५ची मुळीच असते. म्हणजे आपले दुखणे आणि आपला एमआरआय एकमेकांशी जुळतात. ही जुळणी प्रत्येक वेळी असतेच असे नाही, आणि ती नसताना केवळ चित्र पाहून केलेले उपचार फसतात.

चकतीविषयी लोकांच्या बोलण्यात «मणक्यात गॅप आला», «गादी सरकली», «नस दबली» असे शब्द असतात. त्यापैकी «गॅप» या शब्दाने विनाकारण घबराट पसरवली आहे. दोन मणक्यांमध्ये चकती असते म्हणूनच तिथे जागा असते. वयाबरोबर चकतीतील पाणी कमी होऊन ती जागा थोडी कमी होते, आणि हे केस पांढरे होण्याइतकेच सार्वत्रिक आहे. कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआय आणि सीटी तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. विशीतील ३० टक्के लोकांमध्ये फुगलेली चकती होती. ही सगळी माणसे कंबर किंवा पाय दुखतो म्हणून आलेली नव्हती. म्हणून अहवालातील «डिजनरेशन» (झीज), «बल्ज» (फुगवटा), «डेसिकेशन» (पाणी कमी होणे) अशा शब्दांची यादी वाचून मनाशी काही ठरवू नये. आपल्या अहवालातील कामाची ओळ एकच आहे, डाव्या एल-५ मुळीवरील दाबाची. बाकीच्या चार चकत्यांबद्दल जे लिहिले आहे ते आपण निर्धास्तपणे बाजूला ठेवू शकता.

आता दाब म्हणजे काय, ते पाहू. बॉस्टनमधील मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी १९३४ मध्ये दाखवून दिले की फाटलेल्या चकतीतून बाहेर आलेला गर सायटिकाचे, म्हणजे सायटिक नसेच्या वाटेने पायात उतरणाऱ्या कळेचे, कारण असतो. तेव्हापासून सर्वांच्या मनात एकच चित्र बसले, ते चिमटलेल्या नसेचे. प्रत्यक्षात निव्वळ दाबाने सहसा बधिरपणा आणि अशक्तपणा येतो. कळ येते ती प्रामुख्याने सुजेमुळे. चकतीच्या मध्यातील गराला रक्तपुरवठा नसतो आणि तो शरीराच्या संरक्षक यंत्रणेपासून जवळजवळ दडलेला असतो. तो बाहेर आला की शरीर त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडते, आणि या धुमश्चक्रीत शेजारची मुळी सुजते. स्वीडनमधील ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये डुकरांवरील प्रयोगात, कोणताही दाब न देता, चकतीचा गर मुळ्यांवर नुसता ठेवला, आणि तेवढ्यानेही त्या मुळ्यांचे काम बिघडले. भाजलेल्या कातडीला जसा सुती कापडाचा स्पर्शही सोसत नाही, तशी अशी सुजलेली मुळी शिंकेने वाढलेला क्षणभराचा दाबही सोसत नाही.

या यंत्रणेतच दिलाशाची बाजू आहे. जी संरक्षक यंत्रणा सूज आणते, तीच पुढील आठवड्यांत आणि महिन्यांत तो बाहेर आलेला गर खाऊन टाकते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात असे दिसले की तुटून मोकळा झालेला चकतीचा तुकडा सुमारे ९६ टक्के रुग्णांमध्ये आपोआप लहान झाला, बाहेर सांडलेला गर ७० टक्के रुग्णांमध्ये आणि नुसती फुगलेली चकती मात्र अवघ्या १३ टक्के रुग्णांमध्ये. म्हणजे अहवालात जे जास्त भयंकर वाटते, ते विरून जाण्याची शक्यता अधिक असते. «एवढी मोठी चकती बाहेर आली आहे, आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही» हे वाक्य रुग्ण माझ्याकडे दुसऱ्यांकडून ऐकून येतात, तेव्हा मला त्यांना हा आकडा सांगावा लागतो.

कळ किती आहे यावरून धोका मोजता येत नाही, ही गोष्ट या आजारात सर्वांत अधिक गैरसमजाची आहे. रात्र-रात्र झोपू न देणारी कळ असलेल्या माणसाची नस पूर्ण सुरक्षित असू शकते. आणि उलट, चार दिवसांपूर्वी असह्य असलेली कळ एकाएकी थांबली पण त्याच वेळी पाऊल उचलेनासे झाले, तर ते बरे होणे नसून मुळी निकामी होत असल्याचे लक्षण असते. म्हणून आपण रोज एकदा, भिंतीचा आधार घेऊन, पुढील गोष्टी करून पाहाव्यात. केवळ टाचांवर उभे राहून आठ-दहा पावले चालावे. डाव्या पायाचा चवडा उजव्याइतकाच वर राहतो का ते पाहावे. मग एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच दहा वेळा उचलावी, आधी उजवी, नंतर डावी. खुर्चीवर बसून दोन्ही अंगठे वर ताणावेत आणि कोणाला तरी ते बोटाने खाली दाबायला सांगावे. आपली बाधित मुळी एल-५ची असल्यामुळे पहिली आणि तिसरी गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. डावा अंगठा सहज दबत असेल, पायातील चप्पल चालताना निसटत असेल किंवा फरशीवर चवडा आपटल्याचा आवाज येत असेल, तर माझे वरचे «घाई नाही» हे विधान आपल्यासाठी रद्द समजावे आणि एक-दोन दिवसांत मणक्याच्या तज्ज्ञाला दाखवावे. वेदनेमुळे जोर लावता न येणे आणि जोरच नसणे यांतला फरक घरी कधी कधी कळत नाही. शंका असेल तर तपासून घेतलेले बरे.

त्याहून तातडीची एक अवस्था आहे. पाठीचा मज्जारज्जू साधारण एल-१ व एल-२ मणक्यांच्या पातळीवर संपतो आणि त्याखाली फक्त मुळ्यांचा झुबका असतो. म्हणूनच कमरेच्या खालच्या चकतीने मानेच्या दुखापतीसारखा अर्धांग होत नाही, आणि आपली ती भीती या अर्थाने अनाठायी आहे. परंतु मोठा तुकडा मधोमध सरकून हा संपूर्ण झुबका दाबला गेला तर लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, मूत्राशय भरल्याचे न कळणे, नकळत लघवी होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघेच्या आतल्या बाजूस आणि गुदद्वाराभोवती म्हणजे सायकलच्या सीटला टेकणाऱ्या भागात बधिरपणा येणे, लैंगिक संवेदना हरपणे, किंवा कळ एका पायातून दोन्ही पायांत पसरणे अशी लक्षणे दिसतात. यांपैकी काहीही नव्याने जाणवले तर सकाळची वाट पाहू नये. ज्या रुग्णालयात रात्रीही एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया होते, तिथे त्याच रात्री पोहोचावे. मूत्राशयाची शक्ती परत येईल की नाही, हे दाब किती लवकर हटवला यावर बरेचसे अवलंबून असते. लाजेमुळे ही लक्षणे घरात कोणी बोलून दाखवत नाही, विशेषतः वयस्क स्त्रिया, आणि त्यात मोलाचे तास जातात.

पायात उतरणारे प्रत्येक दुखणे चकतीचे नसते. साठीनंतरच्या माणसाला बाजारातून पिशवी घेऊन चालताना थोड्या अंतरावर दोन्ही पाय भरून येतात, कट्ट्यावर बसले किंवा पुढे वाकले की दोन-चार मिनिटांत बरे वाटते, आणि तोच माणूस सायकल मात्र खुशाल चालवतो, तेव्हा मणक्याची नळी अरुंद झालेली असते. बसावे न लागता नुसते थांबल्यानेच पोटरीचे दुखणे थांबत असेल आणि तो माणूस विडी-सिगारेट ओढणारा किंवा मधुमेही असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्यात. दुखणे जांघेत असेल आणि मांडी घालून बसणे अवघड जात असेल तर खुब्याच्या सांध्याकडे पाहावे. पट्टा घट्ट बांधणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना मांडीच्या फक्त बाहेरच्या भागावर आग-आग आणि बधिरपणा जाणवतो. तो त्वचेच्या एका स्वतंत्र नसेचा त्रास असतो, त्याचा कमरेशी संबंध नसतो. दोन्ही तळपायांची सारखीच जळजळ होत असेल तर रक्तातील साखर आणि बी-१२ पाहावे. एका पट्ट्यात आग होऊन काही दिवसांनी तिथे पाण्याचे फोड आले, तर ती नागीण असते. आपल्याकडे मणक्याचा क्षय आजही आढळतो, म्हणून संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, भूक न लागणे आणि कुशीवर वळले तरी न थांबणारे रात्रीचे दुखणे या गोष्टी असतील तर कोणत्याही वयात एमआरआय आणि रक्ततपासणीला उशीर करू नये. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाच्या बाबतीतही हेच लागू आहे. शेवटी एक कारण असे, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही: कुल्ल्यात चुकीच्या जागी दिलेले इंजेक्शन. सुई टोचतानाच विजेचा झटका बसल्यासारखी कळ पावलापर्यंत गेली असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता विश्रांतीविषयी. एके काळी आम्हीच रुग्णांना लाकडी फळीवर तीन-तीन आठवडे झोपवत असू आणि पायाला वजने लावत असू. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील १८३ रुग्णांच्या अभ्यासात दोन आठवडे अंथरुणावर राहिलेले आणि जमेल तसे हिंडते-फिरते राहिलेले, या दोन्ही गटांच्या बरे होण्यात फरक आढळला नाही. झोपून राहिल्याने स्नायू मात्र झपाट्याने क्षीण होतात, बद्धकोष्ठता होते आणि कुंथण्याने कळ वाढते. म्हणून अतितीव्र कळेच्या काळात एक-दोन दिवस आडवे पडणे मान्य आहे. त्यानंतर घरातल्या घरात का होईना, दर तासाला पाच मिनिटे चालावे. वजने लावून ताण दिल्याने टिकाऊ फायदा होत असल्याचे दिसलेले नाही. कमरेचा पट्टा प्रवासात आधार वाटत असेल तर तेवढ्यापुरता वापरावा. त्याने चकती जागेवर बसत नाही.

कोणती हालचाल योग्य, याची एक साधी कसोटी आहे आणि ती न्यूझीलंडमधील फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी लोकप्रिय केली. पायातील कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर सरकत असेल, तर आपण जे करत आहात ते योग्य आहे, अगदी त्या काळात कंबर आधीपेक्षा जास्त दुखली तरी. कळ खाली पावलाकडे उतरत असेल तर ती हालचाल तूर्त सोडावी. बहुतेक चकतीच्या रुग्णांना पोटावर झोपून, कोपरांवर छाती उचलून दोन-तीन मिनिटे थांबल्याने कळ वर सरकते. काही दिवसांनी भुजंगासनासारखे हात सरळ करूनही जमते. पण हाच व्यायाम वर सांगितलेल्या अरुंद नळीच्या वयस्क रुग्णाला त्रास देतो, त्याला पुढे वाकण्यानेच आराम पडतो. शेजाऱ्याला ज्या आसनाने बरे वाटले ते आपल्याला लागू पडेलच असे नाही, ते यामुळे. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि म्हणून सूर्यनमस्कारही, कळ गुडघ्याच्या वर सरकेपर्यंत आणि नंतरही काही आठवडे बंद ठेवावेत. मांडीच्या मागे ताठरपणा जाणवतो म्हणून पाय ताणून ताणून मोकळा करण्याचा मोह अनेकांना होतो. तो ताठरपणा स्नायूचा नसून चिडलेल्या नसेचा असतो आणि तिला ताणल्याने ती अधिक चिडते. डॉक्टर उताणे झोपवून सरळ पाय उचलून पाहतात, तेव्हा जी कळ उठते तीच आपण या व्यायामाने रोज उठवत असतो.

सकाळच्या पहिल्या एक-दोन तासांबद्दल मी प्रत्येक रुग्णाशी सविस्तर बोलतो, कारण आपल्या घरांतील वाकण्याची बहुतेक कामे नेमकी याच वेळी होतात. रात्रभर आडवे असताना चकती पाणी शोषून फुगते. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखाद-दीड सेंटिमीटर जास्त भरते, ती यामुळे. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. अशा वेळी भारतीय बैठकीच्या शौचालयात उकिडवे बसणे, आखूड केरसुणीने केर काढणे, ओणवे होऊन लादी पुसणे, पाण्याची बादली उचलणे, बेसिनवर वाकून दात घासणे आणि देवापुढे वाकणे या सर्व गोष्टी कळ वाढवतात. काही आठवडे कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरावी, लांब दांड्याचा झाडू आणि पोछा घ्यावा, पूजा स्टुलावर बसून करावी, आणि बुटांची नाडी बांधताना पाय स्टुलावर ठेवावा. कुशीवरून, हाताचा आधार घेऊन उठावे. शिंक येते असे वाटताच उभे राहून, भिंतीला हात टेकून, कंबर किंचित मागे झुकवावी. त्या एका क्षणाची कळ बरीच कमी होते.

आपल्या कामासाठी एवढेच की सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, मागच्या खिशातील पाकीट काढून टाकावे आणि फोनवरची बोलणी उभ्याने किंवा चालत करावीत. दुचाकी मात्र सध्या ठेवूनच द्यावी. खड्ड्यांचे हादरे हे एक कारण. दुसरे असे की डाव्या पायाने गिअर बदलताना किंवा अचानक पाय टेकताना कळ उठली तर तोल जाईल. आणि तिसरे आपल्या गोळ्यांशी संबंधित आहे. झोपताना कुशीवर निजून दोन गुडघ्यांत उशी, किंवा उताणे निजून गुडघ्यांखाली उशी, यांपैकी जे सोसेल ते करावे. नरम गादीपेक्षा मध्यम घट्ट गादी बरी, पण जमिनीवर झोपण्याचा हट्ट नको, कारण जमिनीवरून उठणे हेच या दिवसांत सर्वांत कठीण असते.

आपण लिहिले आहे की प्रीगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन यांची एकत्रित गोळी महिनाभर चालू आहे. प्रीगाबालिन मधुमेहाच्या नसदुखीत उपयोगी पडते, परंतु सायटिकामध्ये त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ऑस्ट्रेलियातील २०९ रुग्णांवरील २०१७च्या अभ्यासात ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही, चक्कर मात्र जास्त आली; आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या «नाइस» संस्थेने २०२० मध्ये सायटिकासाठी या गटातील औषधे देऊ नयेत असे स्पष्ट केले. आपल्याला त्यांनी झोप लागत असेल तर वेगळी गोष्ट. फायदा नसेल तर ती बंद करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे, मात्र एका दिवसात तोडू नये, मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी. ती सुरू असेपर्यंत वाहन चालवू नये. मिथाइलकोबालामिन हे बी-१२चे रूप आहे. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर कमतरता असू शकते आणि ती भरून काढणे योग्यच, पण कमतरता नसताना त्याने दबलेली नस बरी होत नाही. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत आणि थोडेच दिवस घ्याव्यात; रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय किंवा अल्सरचा त्रास असेल तर त्या स्वतःहून मुळीच घेऊ नयेत. नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून दूर राहावे. «दोन पुड्यांत फरक पडला» असे सांगितले जाते, तेव्हा त्यात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि त्याचा हिशेब साखर, हाडे व जठर यांना चुकवावा लागतो.

शेकाने स्नायूंना आराम वाटतो आणि तो जरूर घ्यावा, फक्त बधिर झालेल्या पावलावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये; चटका बसल्याचे कळत नाही आणि फोड येतो. हलक्या हाताने तेल लावण्यासही हरकत नाही. आयुर्वेदात या आजाराचे गृध्रसी म्हणून वर्णन आहे आणि अनेक रुग्ण ते उपचारही घेतात. माझे म्हणणे इतकेच असते की वर सांगितलेली शक्तीची तपासणी कोणत्याही उपचारपद्धतीत रोज चालू ठेवावी. पायाळू माणसाकडून पाठीला लाथ लावून घेण्याची प्रथा आपल्याकडे उसण भरल्यावर आहे. उसण ही स्नायूंची असते आणि तशीही दोन-चार दिवसांत जाते, त्यामुळे श्रेय त्या पायाला मिळते. चकती सरकलेल्या कमरेवर हा प्रयोग कृपया नको, आणि कडाकड आवाज काढून मणके «बसवणारे»ही नकोत.

कळ झोपू देत नसेल आणि गोळ्या पुऱ्या पडत नसतील, तर एक्स-रेच्या साहाय्याने मुळीजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते. त्याने चकती विरत नाही. काही आठवड्यांचा दिलासा मिळतो, आणि तेवढ्या अवधीत शरीर आपले काम करते. दर वेळी लागू पडतेच असे नाही. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते आधी सांगणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेबाबत आपल्याला मिळालेला सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. तो घाईचा आहे एवढेच. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिका सहा ते बारा आठवडे टिकलेल्या २८३ रुग्णांवर झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत मला सर्वांत उपयुक्त वाटतो. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर झाली, निम्म्यांना थांबवले गेले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ निश्चितच लवकर गेली, पण वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. थांबणे सर्वांनाच जमत नाही, आणि न जमण्यात कमीपणा नाही. याउलट, कॅनडातील २०२० च्या अभ्यासात चार ते बारा महिने रेंगाळलेल्या सायटिकात शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ सहा महिन्यांनी स्पष्टपणे कमी होती. म्हणजे अनिश्चित काळ कुढत बसणे हाही उपाय नाही.

यावरून मी आपल्याला असे सुचवेन: शक्ती शाबूत असेल तर आजपासून आणखी सहा-सात आठवडे वरीलप्रमाणे काळजी घ्यावी आणि दर दोन आठवड्यांनी एकाच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. कळ वर सरकत असेल, चालण्याचे अंतर वाढत असेल, तर पुढेही थांबावे. तीन महिने होत आले तरी कळ पावलातच असेल, झोप आणि काम दोन्ही विस्कटले असतील, तर शस्त्रक्रिया हा चांगला आणि सुरक्षित पर्याय आहे. दुर्बिणीतून किंवा सूक्ष्मदर्शकाखाली चकतीचा फक्त बाहेर आलेला तुकडा काढतात; बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी चालतात. आपल्यासारख्या दुखण्यात स्क्रू-प्लेट घालण्याची गरज सहसा नसते, आणि तसे सुचवले गेले तर त्याचे कारण विचारावे व दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. ही शस्त्रक्रिया पायातील कळेसाठी आहे. नुसत्या कंबरदुखीसाठी ती करू नये, कारण त्यात तिचे यश बेताचेच असते. तीच चकती पुन्हा बाहेर येण्याची शक्यता काही टक्के रुग्णांत राहते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत ती अधिक असते.

बरे होण्याचा क्रमही सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच काळजी वाटणार नाही. आधी कळ कमी होते, मग चालण्यातला आत्मविश्वास येतो, आणि बधिरपणा सर्वांत शेवटी जातो. तो सहा महिने, वर्षभरही रेंगाळू शकतो, आणि काहींच्या अंगठ्यावर रुपयाएवढी जागा कायमचीच थोडी बोथट राहते. शक्ती पूर्ण असेल तर त्यासाठी पुन्हा एमआरआय करण्याची किंवा गोळ्या चालू ठेवण्याची गरज नाही. कार्यालयात परत जाण्यासाठी कळ पूर्ण थांबण्याची वाट पाहू नये. अर्धा तास बसणे सोसू लागले की जावे. दुचाकी मात्र गोळ्या बंद झाल्यावर, कळ गुडघ्याच्या वर गेल्यावर आणि टाचांवर चालताना दोन्ही चवडे सारखे राहू लागल्यावरच बाहेर काढावी.